रूळ गेले, वाट राहिली



सायकलवाल्याचे वैरी दोन. एक चढ आणि दुसरा मागून भोंगा वाजवीत येणारा ट्रक. चढ लागला की खाली उतरून सायकल हाताने ढकलावी लागते. ट्रक आला की डांबर सोडून खडीत उतरावे लागते. किटल्या लावून दूध घालायला जाणारा गडी असो, नाहीतर हायस्कुलात जाणारी पोर असो, हा अनुभव ज्याला त्याला ठाऊक आहे.

मग अशी एखादी वाट असेल का, की जिच्यावर उभा चढ नाही आणि ट्रकही नाही?

अशा वाटा आहेत. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. या मोठ्या शहराभोवती झाडीतून आणि नदीकाठाने सायकलीच्या लांबच लांब वाटा गेल्या आहेत. बहुतेक वाटा डांबरी आहेत. त्यांवर मोटारींना मनाई आहे. गंमत अशी की, यांतल्या सगळ्यांत चांगल्या वाटा सायकलीसाठी केलेल्याच नव्हत्या. एकीवरून आगगाडी धावत होती. एकीवरून खेचरे चालत होती. आगगाडी बंद झाली, खेचरे गेली, पण लोकांनी वाट जाऊ दिली नाही. ती कशी राखली, तेच आज आम्ही सांगणार आहोत.

आगगाडीची जमीन

वॉशिंग्टन शहर पोटोमॅक नावाच्या नदीवर वसले आहे. नदीच्या पलीकडे व्हर्जिनिया राज्य लागते. तिथे अलेक्झांड्रिया नावाचे जुने बंदर आहे. या बंदरापासून पश्चिमेकडच्या डोंगरांच्या दिशेने एक आगगाडी सुरू झाली. 1860 साली ती लीझबर्ग या गावापर्यंत पोचली. पुढे ती आणखी वाढत डोंगराच्या पायथ्याशी गेली.

ही गाडी खेड्यांतले दूध आणि धान्य शहरात आणी. उन्हाळ्यात शहरातली माणसे थंड हवेसाठी डोंगराकडे नेई. मग मोटारी आल्या, ट्रक आले, पक्के रस्ते झाले. गाडीचे उत्पन्न घटत गेले. 1968 साली ती कायमची बंद झाली. रूळ उखडले गेले.

आता उरली जमीन. कशी जमीन? रुंदी सुमारे 100 फूट आणि लांबी कितीतरी कोस. विचार करा, अशा पट्ट्याचे पुढे काय होते? कोणी म्हणतो, माझ्या घरामागचा तुकडा मला द्या. कोणी म्हणतो, इथे गोदाम बांधू. एकदा तुकडे पडले की पट्टा संपला. मग तो पुन्हा जोडता येत नाही.

इथेही थोडेसे तसे झाले. शहराजवळचा एक तुकडा मोटारींच्या मोठ्या रस्त्यासाठी गेला. बाकीचा पट्टा वीज कंपनीने विकत घेतला. तिला तारा न्यायच्या होत्या. पण तारा वरून जातात, खालची जमीन मोकळीच राहते. त्या भागातल्या शहरांनी आणि जिल्ह्यांनी मिळून बागांची व्यवस्था पाहणारी एक संस्था चालवली होती. तिने कंपनीशी बोलणी केली. वर तुमच्या तारा, खाली आमची वाट, असा मेळ बसला. 1974 साली फॉल्स चर्च या गावात वाटेचा पहिला तुकडा तयार झाला. लोक त्यावर चालू लागले, सायकली फिरवू लागले. मग 1978 ते 1982 या काळात संस्थेने जमीन टप्प्याटप्प्याने विकत घेतली. 1988 साली डांबरी वाट पर्सेलव्हिल गावापर्यंत पोचली. आज तिची लांबी 72 किलोमीटर आहे.

म्हणजे पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत 14 वर्षे लागली. पण धीर धरला म्हणून वाट अखंड झाली.

चढ का लागत नाही?

आता कोणी विचारील, "गुरुजी, रूळ काढून डांबर टाकलं, एवढ्यानं चढ कसा नाहीसा झाला?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आगगाडीच्या चाकात आहे. गाडीचे चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी. लोखंडावर लोखंडाची पकड कमी. चढ उभा असला की चाके जागच्या जागी फिरतात, घसरतात. शिवाय डब्यांचे वजन केवढे! म्हणून रूळ घालताना इंजिनीयर चढ अगदी बेताचा ठेवतात. खोलगट जागी मातीचा भराव घालतात. उंच जागी खोदून खिंड पाडतात. फारच अडले तर बोगदा काढतात. सहसा 100 फूट लांबीला दोन फुटांहून जास्त चढ देत नाहीत.

आपल्या बोरघाटाचेच पाहा. तिथे मुंबई-पुणे रेल्वेला 37 फुटांत 1 फूट असा चढ आहे. म्हणजे 100 फुटांत तीन फुटांहूनही कमी. तरी तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात.

सायकलवाल्याला यात काय मिळते ते पाहा. चढ चढणे म्हणजे आपले अंग आणि सायकल वर उचलणे. पाणंदीच्या चढावर 100 फूट गेलात आणि 10 फूट वर चढलात, तर सारे वजन 10 फूट उचलावे लागले. रुळाच्या वाटेवर तेवढ्याच अंतरात ते दोन फूट उचलावे लागते. श्रम पाचपट कमी झाले. दमाने पायडल मारीत राहिले की म्हातारा माणूसही वर पोचतो. त्याला कळतही नाही की आपण चढलो.

आणखीही फायदे आहेत. आगगाडी एकदम वळू शकत नाही. म्हणून वळणे लांब आणि सोपी असतात. समोरचे माणूस दुरून दिसते. पूल आधीच बांधलेले असतात, आणि जो पूल आगगाडी पेलतो त्याला सायकलीचे काय ओझे? आणि स्टेशन गावाच्या मध्यावर असायचे, म्हणून वाटही गावाच्या मध्यातून जाते. दुकान, शाळा, खाणावळ, सारे हाताशी.

शहराजवळचा जो तुकडा मोटारींच्या रस्त्याने घेतला, असे वर सांगितले, त्या रस्त्याच्या कडेलाही पुढे सायकलवाट झाली. पण ती सारखी वर चढते आणि खाली उतरते. दोन्ही वाटा एकाच भागात, पण पायांना फरक लगेच कळतो. रूळ घालणाऱ्या मजुरांनी शंभर वर्षांपूर्वी जी माती उपसली, तिचा उपयोग आज सायकलवाला घेतो आहे.

वाटेवर काय काय दिसते

ही वाट शर्लिंग्टन या ठिकाणी सुरू होते. सुरुवातीला शेजारून एक ओढा वाहतो. दोन्ही बाजूंना झाडी. शहर जवळ असूनही मोटारींचा आवाज मधूनच तेवढा येतो. मोठे रस्ते आडवे आले की काही ठिकाणी वाट पुलावरून जाते.

पुढे व्हिएन्ना गाव लागते. तिथे जुन्या आगगाडीचा एक लाल डबा जपून ठेवला आहे. हर्नडन गावात जुने स्टेशन अजून उभे आहे. गाडी येत नाही, पण स्टेशनात गाडीच्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत. पुढे अ‍ॅशबर्न. इथे शेते जाऊन प्रचंड इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांत माणसे थोडी आणि यंत्रे फार. आपण मोबाईलवर जे पाहतो, पाठवतो, तसला जगभरचा मजकूर अशा इमारतींत साठवलेला असतो. हर्नडन आणि अ‍ॅशबर्न या भागांत पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात. त्यांत आपली मराठी माणसेही आहेत.

मग गूज क्रीक नावाच्या नदीवरचा उंच पूल येतो. खाली पाणी, वर वारा. त्यानंतर लीझबर्ग, विटांच्या जुन्या घरांचे गाव. लीझबर्गनंतर मात्र वाट बराच वेळ चढत जाते. चढ सौम्य आहे, पण लांब आहे. तो संपतो तिथे एका दगडी कमानीखालून वाट जाते. पुढे कुरणे, शेते, घोड्यांची रपेट आणि दूरवर डोंगराची निळी रांग. शेवटी पर्सेलव्हिलचे जुने स्टेशन.

वाटेच्या बाजूने सुमारे 50 किलोमीटरपर्यंत खडीची दुसरी वाट आहे. ती घोडेस्वारांसाठी. डांबराने घोड्याच्या पायाला त्रास होतो, म्हणून त्याची वाट वेगळी ठेवली आहे. वसंतात झाडे फुलांनी भरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाने लाल, पिवळी, तांबूस होतात आणि मग गळून पडतात. हिवाळ्यात बर्फ पडते. तेव्हा सायकली थोड्या दिसतात.

आणखी दोन वाटा

वॉशिंग्टन शहरातल्या जॉर्जटाऊनपासून बेथेस्डा गावापर्यंत अशीच एक 11 किलोमीटरची डांबरी वाट आहे. तिच्यावरून पूर्वी कोळशाची मालगाडी जात असे. ती 1985 साली बंद झाली. या वाटेवर विटांचा जुना बोगदा आहे. भर उन्हाळ्यातही तिथे गार वाटते. सकाळी या वाटेने कितीतरी लोक सायकलवरून कामाला जातात. म्हणजे ही नुसती हौसेची वाट नव्हे. पेट्रोलही नको आणि मोटार उभी करायला जागाही नको.

दुसरी वाट पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने जाते. ती सुमारे 29 किलोमीटर आहे. ती रुळांवरची नाही, मुद्दाम केलेली आहे. तिच्या एका टोकाला माउंट व्हर्नन आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे ते घर. वाटेत विमानतळ लागतो. तिथे हिरवळीवर बसून लोक विमाने पाहतात. विमान डोक्यावरून इतके खाली येते की लहान पोरे कानांवर हात ठेवतात.

न्यायमूर्ती पायी निघाले

आता खेचरांच्या वाटेची गोष्ट. ती ऐकण्यासारखी आहे.

आगगाडीच्या आधी माल पाण्यातून जाई. वॉशिंग्टनपासून कम्बरलंड गावापर्यंत पोटोमॅक नदीच्या बाजूने एक कालवा खोदला. काम 1828 साली सुरू झाले आणि 1850 साली पुरे झाले. कालव्याची लांबी 297 किलोमीटर. जमीन चढती, म्हणून पाण्याला 74 ठिकाणी दारे लावून पायऱ्या केल्या होत्या. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे. पाणी चढले की नावही चढे. काठावरून खेचरे दोराने नाव ओढीत. त्यांच्यासाठी काठाने सपाट वाट केली होती.

1924 साली मोठे पूर आले. कालवा फुटला आणि वाहतूक बंद झाली. 1938 साली सरकारने तो विकत घेतला. पुढे बेत निघाला, की कालव्याच्या जागेवरून मोटारींचा रस्ता न्यावा. 'वॉशिंग्टन पोस्ट' या मोठ्या वर्तमानपत्राने 1954 सालच्या जानेवारीत या बेताला पाठिंबा दिला.

विल्यम डग्लस हे तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांना चालण्याची फार आवड. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले. त्याचा भावार्थ असा, की संपादकांनी माझ्याबरोबर ही सारी वाट पायी चालावी, पाखरे ऐकावी, झाडे पाहावी, आणि मग काय ते लिहावे.

संपादकांनी आव्हान स्वीकारले. मार्च महिन्यात कम्बरलंडपासून मंडळी निघाली. थंडी होती, मध्येच बर्फही पडले. बातमी देशभर झाली. गावोगावचे लोक वाटेवर येऊन भेटू लागले. बरीच माणसे मध्येच गळाली. आठ दिवसांनी सारी वाट पायी चालून 9 जण वॉशिंग्टनला पोचले. त्यांत डग्लस होते. तेव्हा त्यांचे वय 55 होते.

वर्तमानपत्राने आपला हेका बराचसा सोडला. मोटाररस्त्याचा बेत मागे पडला. पुढे 1971 साली सारा कालवा आणि त्याची वाट राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. ही वाट डांबरी नाही, माती-खडीची आहे. पावसात चिखल होतो. पण कम्बरलंडला तिला दुसरी वाट जोडली आहे. तीही जुन्या रुळांच्या जागेवर केलेली आहे. ती 2013 साली पुरी झाली. आज वॉशिंग्टनहून निघालेला सायकलवाला 500 किलोमीटरहून दूर असलेल्या पिट्सबर्ग शहरापर्यंत बहुतेक सारी वाट मोटारीची धास्ती न बाळगता जातो.

शेतकऱ्याचे म्हणणे

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण जमिनीचा प्रश्न आला की शेतकऱ्याचा प्रश्न आला.

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रेल्वेने जमीन विकत घेतली नव्हती. शेतकऱ्याने फक्त गाडी नेण्याचा हक्क दिला होता. गाडी बंद झाल्यावर शेतकरी म्हणाला, "माझ्या आजोबांनी गाडीला वाट दिली होती. गाडी गेली. आता जमीन माझी मला द्या." हे म्हणणे काही खोटे नव्हे.

सरकारपुढे वेगळाच पेच होता. एकदा पट्टा मोडला आणि उद्या पुन्हा आगगाडीची गरज लागली, तर जागा कुठून आणायची? म्हणून 1983 साली कायद्यात तरतूद केली. रेल्वे बंद झाली तरी पट्टा मोडायचा नाही. तो पुढच्या काळासाठी राखून ठेवायचा, आणि तोवर त्यावर लोकांसाठी वाट करायची.

काही मालक न्यायालयात गेले. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा योग्य आहे, असे न्यायालय म्हणाले. पण ज्याची जमीन अशा रीतीने अडकली, तो सरकारकडे भरपाई मागू शकतो, असेही सांगितले. पुढे कितीतरी मालकांना भरपाई मिळाली. वाट सर्वांची झाली, तर तिचे मोलही सर्वांनी मिळून द्यावे, एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये. आम्हांला हे बरोबर वाटते.

वाट सर्वांची, म्हणून नियम सर्वांना

या वाटांवर सायकली असतात, तशी पायी चालणारी माणसे, लहान मुले, कुत्री घेऊन निघालेले म्हातारेही असतात. म्हणून काही नियम पाळतात. आपल्याकडे डावीकडून चालतात, तिकडे उजवीकडून. पुढे जायचे असेल तर घंटी वाजवायची, किंवा तोंडाने सांगायचे, आणि डाव्या अंगाने जायचे. कुत्र्याला दोरी हवी. आडवा रस्ता आला की थांबून दोन्हीकडे पाहायचे. अंधारात दिवा हवा. नियम साधेच आहेत, पण पाळले नाहीत तर मोटार नसलेल्या वाटेवरही हातपाय मोडतात.

आपण काय घ्यावे?

वॉशिंग्टन दूर आहे. पण वाट मोडते कशी, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. पाणंद असते. कडेचा शेतकरी नांगरताना दरसाल हातभर सरकतो. पलीकडचाही सरकतो. दहा वर्षांनी तिथून बैलगाडी जात नाही. वीस वर्षांनी सायकलही जात नाही. मग ऊस बाहेर काढायचा कसा आणि पोरीने शाळेत जायचे कसे?

वाट ही साखळीसारखी आहे. मधली एक कडी तुटली की बाकीच्या कड्या असून नसल्यासारख्या. म्हणून ती मोडण्याआधीच सावध व्हावे. गावच्या नकाशात जुन्या वाटा दाखवलेल्या असतात. तलाठ्याकडे तो नकाशा पाहून घ्यावा. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नये. शेतात जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. त्यासाठी 1906 सालचा मामलेदार न्यायालय कायदा आहे. अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज करावा. पण त्याआधी चार शहाण्या माणसांनी बांधावर उभे राहून समजूत घालावी, हे उत्तम.

वाट कोणा एकाची नसते, म्हणून तिच्यासाठी भांडायला कोणी एकटा पुढे येत नाही. तिथेच ती जाते. पाचजण एकत्र आले, की ती राहते.

वाचून झाल्यावर बोलू या

1. रुळांच्या जागेवर केलेल्या वाटेला चढ कमी का असतो?
2. न्यायमूर्ती डग्लस यांनी संपादकांना पायी चालायला का बोलावले?
3. शेतकऱ्याला भरपाई मिळावी, हे तुम्हांला पटते का?
4. आपल्या गावात पूर्वी कोणकोणत्या वाटा होत्या? त्यांतल्या आज किती आहेत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून काढा.